ओल्या सरपणाचा शोध

न्यायशास्त्रातला जुना दाखला आपल्याला ठाऊक आहे. धुरावरून अग्नीचं अनुमान होतं. पण अग्नीवरून धुराचं होत नाही. तापून लाल झालेल्या लोखंडी गोळ्यात अग्नी असतो, धूर नसतो. धूर यायला सरपण ओलं लागतं. या ओलेपणाला नैयायिक ‘उपाधी’ म्हणतात.

आता श्वासनलिकेकडे वळू. तिच्या अस्तरावर कर्करोगापूर्वीचे काही डाग उमटतात. सूक्ष्मदर्शकाखाली ते अगदी सारखे दिसतात. मात्र सुमारे निम्मेच पुढे कर्करोग होतात. बाकीचे तसेच राहतात, नाहीतर विरून जातात. २०१९ साली ‘नेचर मेडिसिन’मध्ये युनिव्हर्सिटी कॉलेज लंडन आणि वेलकम सँगर संस्थेच्या संशोधकांनी या डागांची जनुकीय तपासणी मांडली. बिघडणाऱ्या डागांत गुणसूत्रांची मोडतोड ठळक होती. आमच्या भाषेत सांगायचं तर त्यांनी उपाधी शोधली. याचं मोल मोठं आहे, कारण ज्याचा डाग विरणार, त्याची शस्त्रक्रिया टळू शकते.

पण ‘कर्करोगाचं भाकीत’ हा शब्द आम्हाला खटकतो. एक तर ही मोडतोड म्हणजे ओलं सरपण, की धुराची पहिलीच रेघ? कारण आणि खूण यांत फरक आहे, बरं का! दुसरं, हे डाग स्क्वॅमस प्रकारच्या कर्करोगाचे. विडी-सिगारेट न ओढणाऱ्यांत जास्त आढळणारा अ‍ॅडिनोकार्सिनोमा बहुधा फुप्फुसाच्या कडेला उगवतो. तिथवर दुर्बीण सहसा पोचत नाही. तिसरं, दुर्बीण आत गेल्याशिवाय डाग दिसतच नाही.

आणि इथे भद्रावतीचा प्रश्न येतो. आपल्याकडे कोळशाच्या खाणी आहेत, चुलीचा धूर आहे, विडी आहे. खोकला लांबला की आधी क्षयाचा संशय येतो, आणि ते रास्तही आहे. पण क्षय नाही असं ठरल्यावर पुढे कोण पाहतं? आपल्याच जंगलातला तेंदूपत्ता उन्हाळ्यात घरोघरी चार पैसे आणतो आणि विडी होऊन छातीत परततो. म्हणून ‘विडी सोडा’ एवढं सांगून आम्हाला मोकळं होता येत नाही.

जनुकांतली उपाधी प्रयोगशाळा शोधील. पण पेशीबाहेरचं ओलं सरपण आपल्या डोळ्यांसमोर आहे. ते पाहायला दुर्बीण लागत नाही.