कोल्हापूरच्या फौंड्री उद्योगातील धातुकण : मोजमाप व कायदा यांची चिकित्सा

प्रस्तावना

कोल्हापूरच्या औद्योगिक विकासाचा इतिहास ऑइल इंजिनाशी जोडलेला आहे, आणि ऑइल इंजिनाचा इतिहास ओतकामाशी. शिवाजी उद्यमनगरातील लहान कारखान्यांतून वाढलेला हा व्यवसाय पुढे शिरोली, गोकुळ शिरगाव व कागल-हातकणंगले येथील औद्योगिक वसाहतींत विस्तारला. आज देशातील प्रमुख फौंड्री केंद्रांत कोल्हापूरची गणना होते. येथे प्रामुख्याने बिडाचे आणि काही ठिकाणी पोलादाचे ओतकाम चालते. या उद्योगाची चर्चा उत्पादन, निर्यात आणि वीजदर यांच्या अनुषंगाने विपुल होते. कामगाराच्या श्वासातून काय आत जाते, या प्रश्नाला त्या चर्चेत गौण स्थान मिळते. प्रचलित मोजमाप व कायदा हे दोन्ही जागेला प्रमाण मानतात, प्रत्यक्ष श्वास घेणाऱ्या माणसाला नव्हे, आणि त्यामुळे खरा धोका नोंदीबाहेर राहतो, असे प्रतिपादन प्रस्तुत लेखात केले आहे.

धातुकणांचे स्वरूप

फौंड्रीतील 'धूळ' हा शब्द फसवा आहे. त्यात किमान तीन भिन्न घटक एकत्र येतात. पहिला साच्याच्या वाळूतील सिलिका. तिच्यामुळे होणारा सिलिकोसिस परिचित आहे. दुसरा घटक भट्टीजवळ व रस ओतताना निर्माण होणारा धातूचा धूर. सुमारे 1400 ते 1600 अंश सेल्सिअस तापमानाला धातूचा काही अंश वाफ होऊन उडतो, हवेत थिजतो आणि त्याचे एक मायक्रॉनहूनही लहान कण बनतात. मँगॅनीज लोखंडापेक्षा सहज उडत असल्याने मिश्रधातूतील त्याच्या प्रमाणाच्या तुलनेत धुरातील त्याचे प्रमाण अधिक असू शकते. तिसरा घटक फेटलिंगमध्ये, म्हणजे कास्टिंगवरील जादा धातू ग्राइंडरने घासताना उडणारे कण. यांतील ठिणग्या दिसतात. फुप्फुसाच्या तळाशी पोहोचणारे सूक्ष्म कण दिसत नाहीत. तोंडाला बांधलेला रुमाल त्यांना अडवू शकत नाही.

परिणामांतही भिन्नता आहे. लोहकणांमुळे होणारा सिडेरोसिस तुलनेने सौम्य मानला जातो. मात्र क्ष-किरण चित्रातील त्याच्या छायांमुळे निदानाचा घोटाळा होऊ शकतो. मँगॅनीज मज्जासंस्थेवर आघात करते. स्टेनलेस स्टीलच्या कामात निकेल व क्रोमियमचा धोका वाढतो. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने लोखंड व पोलाद ओतकामातील व्यावसायिक संपर्काचा समावेश 1987 मध्येच मानवी कर्करोगाच्या सिद्ध कारणांत केला होता.

मोजमापाची मर्यादा

शिवाजी विद्यापीठाच्या परिसरासह कोल्हापूर शहरात काही ठिकाणी हवेची गुणवत्ता तपासली जाते. ही तपासणी आवश्यक असली तरी ती नागरिकाच्या हवेची आहे. कारखान्याच्या आतही शेडच्या मध्यभागी ठेवलेले यंत्र शेडची सरासरी सांगते. फेटलिंग करणारा कामगार मात्र सरासरीत काम करीत नाही. त्याचा चेहरा ग्राइंडरपासून हातभर अंतरावर असतो. म्हणूनच औद्योगिक आरोग्यशास्त्रात कमरेला लहान पंप व कॉलरजवळ गाळणी लावून संपूर्ण पाळीभर 'श्वसनक्षेत्रा'तील हवेचा नमुना घेण्याची पद्धत प्रमाण मानली जाते. एकाच छपराखाली रस ओतणारा, साचा फोडणारा व फेटलिंग करणारा अशा तिघांच्या श्वासातील हवा तीन प्रकारची असते. सरासरी काढताच हा भेद पुसला जातो.

कायद्याची चिकित्सा

कारखाने अधिनियम, 1948 च्या कलम 14 ने धूळ व धूर उगमस्थानाच्या शक्य तितक्या जवळ शोषून घेण्याचा निर्देश दिला होता. त्यामागील दृष्टी आजही योग्य ठरते. 1984 च्या भोपाळ दुर्घटनेनंतर, 1987 च्या दुरुस्तीने फौंड्रीचा समावेश धोकादायक प्रक्रियांच्या यादीत केला आणि अनेक रसायनांच्या कमाल मर्यादा ठरविल्या. मँगॅनीजच्या धुरासाठी ही मर्यादा आठ तासांच्या सरासरीने घनमीटरला 1 मिलिग्रॅम होती. अमेरिकेतील शासकीय औद्योगिक आरोग्यतज्ज्ञांच्या परिषदेने 2013 मध्ये श्वसनीय मँगॅनीज कणांसाठी 0.02 मिलिग्रॅम ही शिफारस स्वीकारली. दोहोंतील पन्नास पटींचे अंतर लक्षात घेता, 'मर्यादेच्या आत' या शेऱ्याचा अर्थ 'सुरक्षित' असा करता येत नाही.

व्यावसायिक सुरक्षितता, आरोग्य व कार्यस्थिती संहिता, 2020 ही 21 नोव्हेंबर 2025 पासून अमलात आली. तिच्यात धूळ व धूर यांपासून मुक्त वातावरणाचे तत्त्व कायम आहे. तथापि, विजेवर चालणाऱ्या कारखान्यासाठी मूळ अधिनियमातील 10 कामगारांची अट संहितेत 20 झाली आहे. दहा किंवा अधिक कामगार असलेली आस्थापना संहितेखाली येते, हे खरे. परंतु कारखान्यांसाठीच्या विशेष तरतुदी तिला आपोआप लागू होत नाहीत. लहान फेटलिंग शेडच्या दृष्टीने हा बदल गंभीर आहे. मोठ्या फौंड्रीने हे काम बाहेर दिले, तर धूळ तेवढीच राहते. केवळ कायद्याची पकड सैल होते. कणांचे प्रमाण कामगारांच्या संख्येवर ठरत नाही.

नोंदींच्या बाबतीतही हाच दोष दिसतो. कंत्राटी कामगार एका फौंड्रीतून दुसऱ्या फौंड्रीत जातो; त्याच्या तपासणीचे कागद मात्र मागेच राहतात. फुप्फुसात साठलेले कण बरोबर जातात.

निष्कर्ष

लहान उद्योजकाला स्वतंत्र मोजमापाचा खर्च परवडणारा नाही, हा आक्षेप दुर्लक्षिण्याजोगा नाही. तथापि, कोल्हापूर फौंड्री अँड इंजिनिअरिंग क्लस्टरच्या माध्यमातून वापरलेल्या वाळूच्या पुनर्वापराची सामुदायिक व्यवस्था येथे उभी राहिली आहे. वाळूसाठी जे शक्य झाले, ते श्वासासाठी अशक्य मानण्याचे कारण नाही. सामाईक मापनयंत्रणा, कामाच्या स्वरूपानुसार स्वतंत्र नोंद, कामगाराच्या हाती राहणारे आरोग्यपत्रक आणि ग्राइंडरजवळच धूळ शोषणारी व्यवस्था या चार गोष्टींना प्राधान्य हवे. स्थानिक महाविद्यालयांतील रसायनशास्त्र, पर्यावरणशास्त्र व समाजशास्त्र विभागांना यात संयुक्त अभ्यासाची संधी आहे. कोल्हापूरची कास्टिंग वजन करून, मोजमाप तपासून बाहेर पडतात. ती घडविणाऱ्याच्या श्वासालाही तीच काटेकोर शिस्त लागू झाली पाहिजे.