थर आहे, तरी तडा का?

ॲल्युमिनिअमवर ऑक्साइडचा पातळ पण घट्ट थर बसतो, त्यामुळे ते लोखंडासारखे गंजत नाही, हे विधान शालेय विज्ञानात इतके रुळले आहे की त्यापुढे सहसा कोणी जात नाही. विधान चूक नाही. घरातल्या पातेल्यापुरते ते पुरेही आहे. आमचा आक्षेप आहे तो त्यातून मुलांच्या मनात घर करणाऱ्या समजुतीवर. क्षरण म्हणजे डोळ्यांना दिसणारा गंज, आणि तो दिसत नसेल तर धातू सुरक्षित, असे मुले धरून चालतात. उद्या यांतलाच एखादा विद्यार्थी कारखान्यात तपासनीस होईल आणि चकचकीत भाग पाहून निर्धास्तपणे सही करील.

जस्त, मॅग्नेशियम व तांबे मिसळून केलेले ७०७५ हे ॲल्युमिनिअमचे संमिश्र १९४३ साली अमेरिकेत पुढे आले आणि विमानांत सर्रास वापरले गेले. कमाल बळकटीच्या 'टी-६' स्थितीत त्याच्या जाड भागांना दमट किंवा खाऱ्या हवेत तडे जातात. भागावरचा ताण तुटण्याच्या मर्यादेपेक्षा बराच कमी असतो, वजनही जवळजवळ घटत नाही.

असे का होते? धातू असंख्य स्फटिककणांचा बनलेला असतो. या संमिश्रात कणांच्या सीमांवर मॅग्नेशियम व जस्ताचे संयुग साचते. ते भोवतालच्या धातूहून अधिक क्रियाशील असते. ताणामुळे तड्याच्या टोकाशी थर फाटतो, उघड्या धातूशी पाण्याची अभिक्रिया होते, आणि सुटलेला काही हायड्रोजन आत शिरून सीमा आणखी दुबळ्या करतो. म्हणजे थर आहे, पण नेमका हवा तिथे टिकत नाही.

दुसरे उदाहरण आपल्याकडचेच. ब्रिटिश अमलात भारतात तबेल्यांत साठवलेली पितळी काडतुसे पावसाळ्यात तडकत. घोड्यांच्या मूत्रातून येणाऱ्या अमोनियाला दोष देऊन ही गोष्ट बहुधा संपवली जाते. तीही अर्धीच. काडतूस ओढून घडवताना धातूत उरलेला ताण तितकाच जबाबदार होता. काडतुसे बेताची तापवून तो ताण काढून टाकणे, हा उपाय लागू पडला.

तेव्हा पाठात तीन अटी सांगाव्यात : दुबळी बाजू असलेला धातू, सततचा ताण आणि त्या धातूला बाधणारे वातावरण. तिन्ही एकत्र आल्या तरच तडा जातो. मग वर्गाला विचारावे, कोणत्या उपायाने कोणती अट मोडली? काडतुसांत ताण गेला. विमानाच्या भागाला रंग दिला तर वातावरण दूर राहते, पण ओरखडा उठेपर्यंतच. ७०७५ अधिक काळ तापवून 'टी-७३' स्थितीत आणले की धातूच बदलतो. त्यासाठी १० ते १५ टक्के बळकटी सोडावी लागते. अभियंत्यांनी ती का सोडली, याचे उत्तर मुलांनी स्वतः शोधले, तर ऑक्साइडचा थरही त्यांना नीट समजेल.