अवतरण आणि उपनय : कादंबरीच्या आशयसूत्राचे विश्लेषण

कादंबरीच्या आशयसूत्राविषयी लिहिताना आपल्या शोधनिबंधांत आणि प्रबंधांत परिच्छेदाची एक ठरावीक घडण आढळते. आरंभी आशयसूत्राला नाव देणारे विधान येते : अमुक कादंबरीत एकाकीपणाचे चित्रण आहे. मग चार-सहा ओळींचे अवतरण येते. त्यापाठोपाठ 'यावरून असे स्पष्ट होते की' या शब्दांनी सुरू होणारे आणि पहिल्या विधानाचीच पुनरुक्ती करणारे वाक्य येते. अवतरण येथे पुरावा म्हणून दिलेले असते. परंतु ते कशाचा पुरावा आहे आणि कोणत्या अर्थाने, हे सांगितलेले नसते. विश्लेषणाचा सगळा भार 'यावरून' या एका शब्दावर पडतो. त्या शब्दाच्या जागी काय घडावयास हवे, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

न्यायदर्शनाने परार्थ अनुमानाचे पाच अवयव मानले आहेत. पर्वतावर अग्नी आहे, ही प्रतिज्ञा. कारण तेथे धूर आहे, हा हेतू. जेथे धूर असतो तेथे अग्नी असतो, जसे स्वयंपाकघरात, हे उदाहरण. तसाच धूर या पर्वतावर आहे, हा उपनय. म्हणून पर्वतावर अग्नी आहे, हे निगमन. वर वर्णिलेल्या परिच्छेदात प्रतिज्ञा असते, निगमन असते आणि मध्ये अवतरण असते. हे अवतरण म्हणजेच उदाहरण, असा आपला समज असतो. वस्तुतः ते पर्वताच्या जागी आहे : ज्याविषयी काही सिद्ध करावयाचे ते स्थळ. तेथे धूर नेमका कोठे दिसतो आणि त्या धुरावरून अग्नीकडे कसे जाता येते, हे दाखविणे उरतेच. साहित्यात हे काम अधिक कठीण होते. धूर आणि अग्नी यांचे साहचर्य लोकव्यवहारातून आयते मिळते. एखादी भाषिक लकब आणि एखादा आशय यांचे साहचर्य मात्र त्या त्या कादंबरीतच शोधावे लागते.

भालचंद्र नेमाडे यांची 'कोसला' (१९६३) या दृष्टीने पाहण्यासारखी आहे. पांडुरंग सांगवीकर या निवेदकाला आयुष्य निरर्थक वाटते, हे विधान या कादंबरीविषयी वारंवार केले जाते आणि त्याच्या पुष्ट्यर्थ पांडुरंगाचे एखादे तशा अर्थाचे वाक्य उद्धृत केले जाते. परंतु या निवेदनाच्या शैलीत 'वगैरे' आणि 'उदाहरणार्थ' हे दोन शब्द ठायी ठायी येतात, आणि आशय टिपण्याच्या घाईत वाचक नेमके तेच गाळतो. व्यवहारात 'वगैरे' हा शब्द यादीच्या शेवटी येतो. उरलेले श्रोत्याला ठाऊकच आहे, असे तो सुचवितो. पांडुरंग तो यादी नसतानाही वापरतो. त्यामुळे त्याने म्हटलेली गोष्ट लोक नेहमी म्हणत आलेल्या गोष्टींपैकी एक ठरते. 'उदाहरणार्थ' या शब्दाआधी एखादे सामान्य विधान अपेक्षित असते. ते येथे नसते. त्यामुळे स्वतःविषयीची साधी माहितीसुद्धा कोणत्या तरी अज्ञात नियमाचा एक नमुना बनून येते.

हे ध्यानात घेतले की मूळ प्रतिज्ञाच बदलावी लागते. पांडुरंगाचे निरर्थकतेविषयीचे वाक्य हा सरळ कबुलीजबाब राहत नाही. ज्या तयार भाषेत असे कबुलीजबाब दिले जातात तिच्याविषयीचा अविश्वासही त्यात मिसळलेला असतो. म्हणजे आशयसूत्र 'आयुष्याची निरर्थकता' एवढेच नसून आयुष्याविषयी बोलण्याची उपलब्ध भाषा उसनी असल्याची जाणीव हेही आहे. अवतरणाने येथे विधानाला नुसता दुजोरा दिला नाही. त्याने ते दुरुस्त केले. विश्लेषक परिच्छेदाची खरी कसोटी हीच म्हणावी लागेल. अवतरणाच्या आधीचे आणि नंतरचे विधान अक्षरशः सारखेच राहिले असेल, तर मधले अवतरण वाचलेच गेले नाही असे समजावे.

हेत्वाभासांमधील 'सव्यभिचार' ही संकल्पनाही येथे उपयुक्त ठरते. जो हेतू साध्याबरोबर आणि साध्याच्या अभावाबरोबरही आढळतो, त्यावरून काहीच सिद्ध होत नाही. विश्राम बेडेकर यांच्या 'रणांगण' (१९३९) मधील चक्रधर हा प्रेमभंगाने दुखावलेला निवेदक आहे आणि स्त्रियांविषयीची त्याची कटुता त्याच्या बोलण्यातून उघड होते. असे एखादे वाक्य उचलून 'ही कादंबरी स्त्रीद्वेष्टी आहे' असे म्हणता येते. तेच वाक्य देऊन 'ही कादंबरी स्त्रीद्वेष उघडा पाडते' असेही म्हणता येते. दोन्ही प्रतिज्ञांना ते सारखेच सोयीचे असल्यामुळे एकटे असताना ते कोणाच्याच उपयोगाचे नाही. निर्णय करावयाचा तर निवेदनाच्या रचनेकडे वळावे लागते. हे वाक्य कोण बोलतो, केव्हा आणि कोणत्या अनुभवाच्या अलीकडे की पलीकडे? नाझी जर्मनीतून परागंदा झालेल्या ज्यू निर्वासितांच्या सहवासात, बोटीवर, हॅर्टाशी जडलेल्या नात्यात त्या वाक्याचे काय होते? आणि हॅर्टा पत्रातून स्वतःच्या शब्दांत बोलू लागते, तेव्हा चक्रधराच्या निवेदनाचा अधिकार कितपत टिकतो? या प्रश्नांच्या उत्तरांतून जे हाती येईल, त्याला उपनय म्हणता येईल.

काही वेळा पुरावा अवतरणात मावतच नाही, हेही नमूद केले पाहिजे. 'कोसला'त धाकट्या बहिणीच्या, मनीच्या, मृत्यूचा शोक आणि अजिंठ्याच्या लेण्यांतील अनुभव यांचे नाते कोणत्याही एका वाक्यात सापडणार नाही. ते त्या दोन भागांच्या परस्परसंबंधात आहे. अशा स्थळी लांबलचक उतारा देण्यापेक्षा रचनेचे काटेकोर वर्णन करणे हाच अधिक प्रामाणिक पुरावा होय. अवतरणचिन्हांत आहे तेवढेच प्रमाण, ही समजूत कादंबरीला तिच्यातील सुभाषितवजा वाक्यांपुरती मर्यादित करते. मग जी कादंबरी अशी वाक्ये पुरवीत नाही, ती विचारशून्य ठरण्याचा धोका निर्माण होतो.

हा प्रश्न लेखनतंत्रापुरता नाही. आपल्याकडे ग्रामीण, दलित, स्त्रीवादी अशा विविध भूमिकांतून कादंबरीची चर्चा झाली आणि तिने वाचनाच्या कक्षा निश्चितच रुंदावल्या. परंतु त्या भूमिकांच्या नावाखाली जेव्हा आधीच ठरलेल्या मथळ्यांखाली उतारे लावले जातात, तेव्हा त्या भूमिकांचीच हानी होते. कारण अशा परिच्छेदाशी वाद घालता येत नाही. नुसती प्रतिज्ञा आणि नुसते अवतरण यांना खोडून काढता येत नाही. फार तर दुसरी प्रतिज्ञा आणि दुसरे अवतरण त्यांच्यासमोर ठेवता येते. उपनय मात्र वादाला जागा देतो. 'वगैरे' हा शब्द पांडुरंगाच्या अविश्वासाचे चिन्ह आहे, असे कोणी म्हटले, तर दुसरा अभ्यासक म्हणू शकतो की अमुक स्थळी ती केवळ विनोदाची लकब आहे. आणि मग दोघांनाही संहितेकडे परतावे लागते. समीक्षा ही सामाईक ज्ञानव्यवस्था असेल, तर ती या परतण्यावर उभी आहे. प्रबंधातील दहा अवतरणांपैकी सात गाळून उरलेल्या तिहींवर प्रत्येकी एक पान लिहिण्याचा आग्रह मार्गदर्शकांनी धरावा, तो एवढ्याचसाठी.