सीमाप्रदेशातील विशेषनामे आणि मराठी लेखणी

बीदर व कलबुर्गी ह्या जिल्ह्यांतील मराठी भाषकांविषयी आमच्याकडे जे लिहिले जाते त्यात सीमेचा प्रश्न असतो, शाळांचा असतो, क्वचित संतवाङ्मयाचाही असतो. माणसांच्या नावांचा प्रश्न मात्र कोणी हाती घेतलेला आमच्या पाहण्यात नाही. तो क्षुल्लक वाटतो, हे खरे. पण औराद, भालकी, बसवकल्याण किंवा आळंद ह्या तालुक्यांतील मराठी शाळेत हजेरी चालू असता घटकाभर बसून पाहावे. जे नाव शिक्षकाच्या जिभेवर अडखळते ते 'अवघड' ठरते, आणि अवघड ठरलेले नाव सोपे होऊन पटावर चढते. होन्नप्पाचा होनाप्पा होतो, सिद्दप्पाचा सिद्धाप्पा होतो. पुढे शाळा सोडल्याच्या दाखल्यावर जे लिहिले गेले तेच त्या मुलाचे कायदेशीर नाव. आई ज्या नावाने हाक मारते ते नाव कागदावर कोठेच उरत नाही.

ह्या नावांत अवघड असे काय आहे, ते प्रथम पाहू. कन्नडात ए आणि ओ ह्या स्वरांची ऱ्हस्व व दीर्घ अशी दोन-दोन रूपे आहेत आणि त्यांनी अर्थ पालटतो. तुरीच्या ह्या मुलखातलेच उदाहरण घ्यावयाचे तर ऱ्हस्व ए असलेले 'बॆळॆ' म्हणजे शेतातले पीक, आणि पहिला ए दीर्घ केला की 'बेळॆ' म्हणजे डाळ. आमच्या रूढ लिपीत दोन्ही 'बेळे'. होन्नप्पा ह्या नावातील 'होन्नु' म्हणजे सोने; त्यातील ओ ऱ्हस्व, न द्वित्त. मराठी जीभ ओ लांबविते आणि त्याची भरपाई म्हणून की काय, एक न गाळून टाकते. हेच नाव जुन्या कन्नडात पकाराने सुरू होत असे. राष्ट्रकूट तिसऱ्या कृष्णाच्या आश्रयास असलेला दहाव्या शतकातला कवी पोन्न तो हाच. आणि त्या राजाची राजधानी मान्यखेट म्हणजे कलबुर्गी जिल्ह्यातील आजचे मळखेड. हजार वर्षे त्याच मातीत नांदलेल्या नावास अवघड म्हणावयाचे, तर कोणाच्या मापाने?

ही अडचण आजची नाही. कल्याणीचा चालुक्य सम्राट सहावा विक्रमादित्य (राज्यकाल १०७६ ते ११२६) ह्यास कन्नड लेखांत 'पेर्माडि' म्हटले आहे. त्यातील 'पेर्' म्हणजे थोर, आणि तेथील ए ऱ्हस्व. बिल्हण काश्मीर सोडून ह्याच राजाच्या पदरी विद्यापती झाला. ती हकीकत सांगताना बाराव्या शतकातल्या कल्हणाने राजतरंगिणीत राजाचे नाव लिहिले ते 'पर्माडि' असे. संस्कृतात ऱ्हस्व ए नाही. कल्हणाने जवळचा म्हणून अ घेतला. ती चूक नव्हे, तो एका जाणत्या कानाचा निवाडा होता. लांब 'पे' लिहून नाव ताणण्यापेक्षा आखूड 'प' बरा, असे त्यास वाटले असावे. काश्मीरात बसून कानडी राजाच्या नावाचा इतका विचार झाला; आम्ही तर शेजारी आहो.

आमच्या मते मराठी लेखणीवरचा खरा आक्षेप येथे सुरू होतो. इंग्रजीतील 'बॅट' आणि 'ऑफिस' नीट उच्चारले जावेत म्हणून मराठीने अर्धचंद्र स्वीकारला, शाळेत शिकविला, पाठ्यपुस्तकांत छापला. सातासमुद्रांपलीकडच्या स्वरासाठी जी तत्परता दाखविली ती भीमेपलीकडच्या स्वरासाठी दाखविली नाही. ऱ्हस्व ए-ओंची चिन्हे देवनागरीत नाहीत असेही नव्हे. केंद्रीय हिंदी निदेशालयाने १९६६ मध्ये परिवर्धित देवनागरी सिद्ध केली, तिच्यात ऎ आणि ऒ आहेत. ती मराठी छापखान्यात आलीच नाहीत. मागणी नव्हती, हेच त्याचे कारण.

लिपीचा दोष लिपीवर घालावा. पण जेथे लिपी समर्थ आहे तेथे काय? बसवण्णांच्या वचनांतील मुद्रा 'कूडलसंगमदेव' अशी आहे. त्यातील ऊ दीर्घ. मराठीत दीर्घ ऊकार पूर्वीपासून आहे, तरी वचनांविषयीच्या मराठी लेखनात 'कुडलसंगम' असेच वारंवार आढळते. येथे जिभेची अडचण नाही, लिपीची नाही. मूळ पाहण्याचा कंटाळा तेवढा आहे. ज्या देवाच्या नावाने प्रत्येक वचन संपते ते नावच चुकवून अनुवादकाने बाकीच्या शब्दांची नजाकत सांगावी, हे आम्हांस पटत नाही.

तथापि प्रत्येक बदललेले रूप आम्ही सदोष मानतो, असा कोणी ग्रह करून घेऊ नये. १ नोव्हेंबर १९५६ रोजी हैदराबाद राज्याची वाटणी झाली तेव्हा जुन्या बीदर जिल्ह्यातील उदगीर, निलंगा, अहमदपूर हे तालुके मुंबई राज्यात आले आणि बीदर, भालकी, हुमनाबाद म्हैसुरात गेले. एकाच घरातील नावे दोन राज्यांत लिहिली जाऊ लागली. कन्नडात 'बसवराज' ह्या नावाची पाचही अक्षरे पुरती उच्चारली जातात. मराठी मुखात मधला आणि शेवटचा अ लोपतो, आणि उदगीर-निलंग्याकडे हे नाव सरळ 'बस्वराज' असे लिहितात. हे रूप शिक्षकाने लादलेले नाही. बोलणाऱ्यांनी स्वतःच्या तोंडाप्रमाणे ते घडविले आणि स्वतःच्या सहीत घेतले. व्याकरणी मंडळी त्यास नाक मुरडतील. आम्ही मुरडणार नाही.

मुखाने घडविलेल्या नावाचे ह्या प्रदेशातील सर्वांत सुंदर उदाहरण शहा मुंतोजी बहमनी ह्यांचे. परंपरा त्यांस बीदरच्या बहमनी राजकुळातील मानते. कल्याणीच्या सहजानंदांचे शिष्यत्व पत्करून त्यांनी मराठीत ग्रंथरचना केली; सिद्धसंकेतप्रबंध हा त्यांचा ग्रंथ आणि बसवकल्याणाजवळील नारायणपूर येथे त्यांची समाधी आहे. 'मुंतोजी' ह्या रूपातला 'जी' मराठी आदराचा. 'बहमनी'चे पोथ्यांत 'ब्रह्मणी' झाले, आणि संप्रदायात ते मृत्युंजय म्हणून ओळखले गेले. फारसी राजकुळाचे नाव ब्रह्माजवळ जाऊन बसले! येथे नाव मोडलेले नाही, आपल्या घरात घेतलेले आहे. हजेरीपटावरच्या होनाप्पात असे काही दिसत नाही.

आमच्या नावांची शेजारी काय गत होते, तेही सांगितले पाहिजे. 'चोखा' आणि 'चांगदेव' ह्यांतील च दंत्य, 'चिमणाजी'तला तालव्य. देवनागरीत दोघांस एकच अक्षर. कन्नड शिक्षक 'चोखा' तालव्य उच्चारतो म्हणून हसणाऱ्या मराठी शिक्षकाने, तो दंत्य आहे हे आपण कोठे लिहून ठेवले आहे, ते आधी दाखवावे. 'ज्ञानोबा' कन्नड मुखात ग्न्यानोबा होतो, हिंदीत ग्यानोबा, आणि आम्ही स्वतः द्न्यानोबा म्हणतो. ज् आणि ञ् ह्यांचा मूळ संयोग तिघांनीही सोडला आहे. द. रा. बेंद्रे ह्यांचे नावही कन्नडात लिहिताना शेवटचा ए ऱ्हस्व येतो. घरी मराठी बोलणारा हा थोर कन्नड कवी दोन स्वरांनी दोन भाषांत वावरला.

सिद्दप्पाचे काय करावे? बोलीतील कन्नड महाप्राण फारसा पाळत नाही, आणि कन्नडातही हे नाव द्द व द्ध अशा दोन्ही तऱ्हांनी लिहिलेले आढळते. मराठी शिक्षक मूळ संस्कृत 'सिद्ध' स्मरून द्ध करतो व त्यास शुद्धी म्हणतो. आमच्या मते विशेषनामास शुद्धलेखनाचे नियम लावूच नयेत; बाप जसे सांगेल तसे लिहावे, आणि शंका आल्यास त्यालाच पुन्हा विचारावे. 'चेन्न' आणि 'चन्न' ह्यांच्या बाबतीत तर दुसरा मार्गच नाही. मूळ शब्द ऱ्हस्व एकाराचा, पण कन्नड लेखनातच चेन्नबसव आणि चन्नबसव ही दोन्ही रूपे चालतात, आणि मराठीने उचललेले 'चन्नम्मा' हे त्यांतील दुसरे. कोणत्या घरी कोणते बोलतात हे ग्रंथ पाहून कळणारे नाही. पट भरणाऱ्याने दारात उभ्या असलेल्या आईस ते विचारावयाचे आहे.