घरगुती इंधन-उपकरणांचा कारागीर : पात्रता व नियमन यांची चिकित्सा

प्रास्ताविक

घरातील चूल हा खासगी विषय मानला जातो. परंतु चुलीची जागा स्टोव्हने आणि नंतर गॅसच्या शेगडीने घेतल्यापासून स्वयंपाकघरातील विस्तव शासनाच्या नियमनाखाली आला. रॉकेल आणि स्वयंपाकाचा गॅस ही दोन्ही इंधने १९५५च्या जीवनावश्यक वस्तू कायद्याच्या कक्षेत आली. त्यांचा साठा, वाटप व भाव यांवर बारीक नजर ठेवली गेली. मात्र हे इंधन ज्या उपकरणात जळते ते दुरुस्त करणाऱ्याने काय शिकलेले असावे आणि त्याच्या कामाची जबाबदारी कोणावर असावी, हा प्रश्न मागे पडला. धुळ्यासारख्या जिल्ह्याच्या ठिकाणी सामान्य कुटुंबाच्या सुरक्षिततेशी थेट निगडित असलेल्या या प्रश्नाची चिकित्सा करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

रॉकेलचा स्टोव्ह : सर्वांना कागद, कारागीर वगळून

हवेच्या दाबावर चालणारा पितळी स्टोव्ह दिसायला साधा असला तरी त्याची रचना नाजूक असते. टाकीत पंपाने हवा भरली की रॉकेल वर चढते, तापलेल्या बर्नरमध्ये त्याची वाफ होते आणि ती निप्पलच्या बारीक छिद्रातून बाहेर पडून जळते. पंपाचे वॉशर झिजले, छिद्र तुंबले किंवा टाकीला झाळलेला जोड सैल झाला, तर भडका उडण्याचा धोका संभवतो. म्हणजेच दुरुस्ती करणाऱ्याचा हात हा या उपकरणाच्या सुरक्षिततेचा एक भागच असतो.

या व्यवहारातील इतर सर्व घटकांना कागद होता. विक्रेत्याला महाराष्ट्र रॉकेल विक्रेता परवाना आदेश, १९६६ अन्वये परवाना, ग्राहकाला शिधापत्रिका आणि स्टोव्हला आयएस १३४२ हे भारतीय मानक. अनुदानित रॉकेल ओळखू यावे म्हणून त्याला निळा रंगही दिला गेला. स्टोव्ह उघडून झाळ देणाऱ्या कारागिराकडे मात्र कोणताही कागद नव्हता. तो उस्तादाच्या हाताखाली शिकला आणि पुढे स्वतः उस्ताद झाला. धुळ्यासह राज्यातील औद्योगिक प्रशिक्षण संस्थांमुळे जोडारी, संधाता, वीजतंत्री, तारतंत्री ही व्यवसायनामे परिचित झाली. स्टोव्ह दुरुस्त करणाऱ्याचे नाव त्या मालिकेत आले नाही.

या उणिवेची एक सामाजिक बाजू अधिक गंभीर आहे. विवाहितांच्या जळून झालेल्या मृत्यूंमागे 'स्टोव्हचा भडका' हे कारण वारंवार सांगितले जाई आणि १९८०च्या दशकात स्त्री-चळवळीने त्यावर तीव्र संशय व्यक्त केला. १९८६ मध्ये हुंडाबळीसंबंधीचे कलम ३०४-ब भारतीय दंड संहितेत आले. आज ती तरतूद भारतीय न्याय संहितेच्या कलम ८० मध्ये आहे. स्टोव्ह खरोखर सदोष होता काय, हा अशा प्रकरणांतील तांत्रिक प्रश्न होय. स्टोव्ह केव्हा, कोणी व कसा दुरुस्त केला याची नोंद ठेवण्याचे बंधन नसल्याने या प्रश्नाच्या उत्तराचा एक संभाव्य पुरावा जन्मालाच आला नाही. निर्जीव वस्तूवर ठपका ठेवणे त्यामुळे सोपे राहिले. कारागिराच्या नियमनाचा अभाव हा केवळ तांत्रिक उणिवेचा प्रश्न नाही, हे यावरून स्पष्ट व्हावे.

वीज आणि वाफ यांना वेगळा न्याय

कारागिराच्या पात्रतेचे नियमन भारतीय कायद्याला अपरिचित होते असे मात्र नाही. १९२३च्या बॉयलर कायद्याच्या व्यवस्थेत बॉयलर चालविणाऱ्यास सक्षमतेचे प्रमाणपत्र आवश्यक होते. त्या कायद्याची जागा आता २०२५च्या कायद्याने घेतली आहे. १९५६च्या भारतीय वीज नियमांतील नियम ४५ अन्वये विद्युत संचमांडणीचे काम परवानाधारक ठेकेदारानेच, सक्षमता-प्रमाणपत्र असलेल्या व्यक्तीच्या देखरेखीखाली आणि परवानगीपत्र असलेल्या कामगाराकडून करून घेणे बंधनकारक झाले. पुढील विनियमांतही हे तत्त्व टिकून राहिले.

नियम ४५ मधील अपवाद विशेष विचारात घेण्याजोगा आहे. दिवा, पंखा, फ्यूज वा बटण बदलण्यासारखी कामे त्यातून वगळलेली होती. घरच्या माणसाने करायचे काम आणि जाणकाराकडेच सोपवायचे काम यांतील सीमारेषा कायद्याने येथे आखून दिली. स्टोव्हच्या निप्पलला पिन मारणे आणि टाकीला झाळ देणे, किंवा शेगडीचा बर्नर पुसणे आणि तिचा कॉक उघडणे, यांतही अशीच रेषा आखता आली असती. ती आखली गेली नाही, हा या नियमनातील मूलभूत दोष होय.

गॅसची शेगडी : अर्धे नियमन

गॅसच्या बाबतीत स्थिती काहीशी सुधारली. २००० सालच्या आदेशाने द्रवरूप पेट्रोलियम वायूचा पुरवठा व वितरण नियमित केले. वितरकाकडे मेकॅनिक असतो आणि गळतीच्या तक्रारीसाठी १९०६ हा क्रमांक उपलब्ध आहे. मात्र मे २०१६ मध्ये सुरू झालेल्या उज्ज्वला योजनेने जोडण्या खेडोपाडी पोहोचविल्या. साक्री किंवा शिरपूर तालुक्यातील दूरच्या पाड्यावर शेगडी बिघडली, तर वितरकाच्या मेकॅनिकपेक्षा आठवडे बाजारात शेगडी-कुकर दुरुस्त करणारा कारागीर जवळचा ठरणे स्वाभाविक आहे. नियमन सिलिंडरबरोबर पाड्यापर्यंत गेले; दुरुस्तीच्या हातापर्यंत मात्र पोहोचले नाही.

२०१३ मध्ये राष्ट्रीय कौशल्य पात्रता आराखडा आला आणि अनुभवातून मिळविलेल्या कौशल्याला प्रमाणपत्र देण्याचा मार्ग खुला झाला. २०१४च्या पथविक्रेता कायद्याने रस्त्यावर सेवा देणाऱ्यालाही पथविक्रेत्याच्या व्याख्येत स्थान दिले. पहिल्या व्यवस्थेत प्रमाणपत्र ऐच्छिक राहिले. दुसरीत कारागिराची जागा नियमित झाली, कौशल्य नव्हे. परिणामी प्रमाणपत्र असलेला आणि नसलेला कारागीर यांत ग्राहकाला फरक करता येत नाही.

ब्रिटनचा अनुभव

तुलनेसाठी ब्रिटनमधील व्यवस्था उपयुक्त ठरते. तेथे गॅसवाहिनी न पोहोचलेल्या ग्रामीण भागात अनेक घरे अंगणातील टाकीत साठविलेल्या तेलावर चालणाऱ्या बॉयलरने उबदार ठेवली जातात. गॅसचे काम करणाऱ्या व्यावसायिकास 'गॅस सेफ रजिस्टर'मध्ये नोंद असणे सक्तीचे आहे. ही नोंदवही एप्रिल २००९ पासून लागू झाली. तेलावरील उपकरणांच्या कारागिरांसाठी १९९१ मध्ये स्थापन झालेली 'ऑफ्टेक' ही संस्था नोंदणी करते. परंतु ही नोंदणी सक्तीची नाही. इंग्लंडमध्ये नोंदणीकृत कारागीर आपले काम इमारत-नियमांप्रमाणे झाल्याचे स्वतः प्रमाणित करू शकतो. इतरांच्या कामाची सूचना स्थानिक इमारत-नियंत्रण यंत्रणेला द्यावी लागते. नोंदणी न करणाऱ्याची रोजी बंद होत नाही, पण नोंदणी करणाऱ्याला निश्चित लाभ मिळतो.

निष्कर्ष

येथील व्यवस्थेने इंधनाला, विक्रेत्याला आणि वस्तूला परवाना दिला. कौशल्याला दिला नाही. यावर सरसकट सक्तीचा परवाना हा उपाय मानणे धोक्याचे ठरेल. परवान्यासाठी शालेय प्रमाणपत्राची अट घातल्यास वर्षानुवर्षे हे काम केलेला कारागीरच प्रथम बाहेर फेकला जाईल. उलट, कोणताही कायदेशीर परिणाम नसलेले प्रमाणपत्र भिंतीवरच्या चौकटीपुरते उरते. म्हणून घरगुती आणि जाणकाराच्या कामातील सीमारेषा निश्चित करणे, प्रात्यक्षिक परीक्षेवर आधारित नोंदणी देणे आणि नोंदणीकृत कारागिराने केलेल्या दुरुस्तीची लेखी पावती ग्राह्य धरणे, या तीन गोष्टी एकत्र होणे आवश्यक आहे. पावतीवर नाव लिहिणारा कारागीर जबाबदारीही स्वीकारतो आणि प्रतिष्ठाही मिळवितो. ज्या घरात ती पावती असेल, तेथे भडक्याचे कारण केवळ सांगणाऱ्याच्या शब्दावर अवलंबून राहणार नाही.