निकालांचा हंगाम आणि ‘जोखीम’ : मराठी बाजारलेखनाच्या भाषेविषयी

जानेवारी, एप्रिल, जुलै आणि ऑक्टोबर या महिन्यांच्या आरंभी मराठी दैनिकांच्या अर्थविषयक पृष्ठांवर एक विशिष्ट लेखप्रकार नेमाने अवतरतो. कंपन्यांचे तिमाही निकाल तोंडावर आलेले असतात. तिमाही संपल्यापासून ४५ दिवसांच्या आत, आणि वर्षअखेरचे ६० दिवसांच्या आत, ते जाहीर करण्याचे बंधन आहे. तत्पूर्वी वाचकाला सावध करणे हे या लेखाचे प्रयोजन. त्याला ‘हंगामपूर्व इशारा’ असे नाव देता येईल. २०२४ च्या ऑगस्टमध्ये राष्ट्रीय शेअर बाजारात नोंदलेल्या गुंतवणूकदारांची संख्या १० कोटींवर गेली, आणि त्यांत महाराष्ट्राचा वाटा सर्वांत मोठा आहे. तेव्हा या लेखाचा वाचक आता दलाल स्ट्रीटच्या आसपासचा राहिलेला नाही. इंग्रजी अहवाल ज्याच्या हाती पडत नाहीत असा निवृत्त शिक्षक किंवा तालुक्याचा दुकानदार याच मजकुराच्या आधाराने आपली शिल्लक बाजारात ठेवावी की काढावी हे ठरवितो. म्हणून या लेखाच्या भाषेची तपासणी हा केवळ शैलीविचार नव्हे.

या लेखनाचे दोन आधारशब्द म्हणजे ‘हंगाम’ आणि ‘निकाल’. पहिला शेतीतून आला. हंगामातील अनिश्चितता पावसाची; ती बाहेरून येते आणि पीक हाती येताच संपते. दुसरा शब्द परीक्षेतून व न्यायालयातून आला, आणि त्याने मनात दोनच कप्पे पाडले : उत्तीर्ण व अनुत्तीर्ण, जिंकले व हरले. या दोन शब्दांच्या जोडीतून वाचकाच्या मनात जे समीकरण उभे राहते ते असे, की जोखीम म्हणजे निकाल वाईट लागण्याची शक्यता. निकाल चांगला लागला की जोखीम टळली. इशारालेख हे समीकरण उघडपणे मांडीत नाहीत, परंतु त्यांची सारी वाक्यरचना त्यावर उभी असते.

वस्तुस्थिती वेगळी आहे. १६ जानेवारी २०२४ रोजी एचडीएफसी बँकेने डिसेंबर तिमाहीचा नफा १६,३७२ कोटी रुपये जाहीर केला. आदल्या वर्षीच्या त्याच तिमाहीशी ताडून पाहता ही वाढ ३३ टक्क्यांहून अधिक होती. शालेय अर्थाने हा उत्तम निकाल. दुसऱ्या दिवशी बँकेचा समभाग ८ टक्क्यांहून अधिक घसरला, आणि निर्देशांकात तिचे वजन मोठे असल्याने सेन्सेक्स १,६२८ अंशांनी खाली आला. येथे दोन गोष्टी नीट पाहिल्या पाहिजेत. १ जुलै २०२३ रोजी एचडीएफसी ही गृहकर्ज देणारी संस्था बँकेत विलीन झाली होती. म्हणजे तुलना एका देहाची नव्हती, विलीनीकरणापूर्वीची बँक आणि नंतरची बँक हे दोन भिन्न पदार्थ एकाच तागडीत घातले गेले होते. ‘नफ्यात वाढ’ या सामासिक वाटणाऱ्या शब्दबंधात ही भिन्नता कोठेच दिसत नाही. दुसरे असे, की जाणत्या गुंतवणूकदारांची नजर नफ्यावर नव्हतीच. ठेवी कर्जांच्या मानाने पुरेशा वाढत आहेत काय आणि व्याजाच्या फरकातून सुटणारे उत्पन्न सावरते आहे काय, हे ते पाहत होते. ते त्यांच्या मनाजोगे झाले नाही. समभागाच्या भावात जे आधीच धरले गेले होते आणि जे प्रत्यक्षात आले, त्यांतील अंतर हीच जोखीम होती, आणि ती निकालापूर्वीच्या भावात मुरलेली होती.

अशा प्रसंगाचे मराठी वर्णन बहुधा एका ठराविक साच्यात पडते : अपेक्षाभंग झाला, बाजाराची निराशा झाली, विक्रीचा मारा झाला. तीनही वाक्ये व्याकरणशुद्ध. तिहींत कर्त्याचा पत्ता नाही. अपेक्षा कोणाची होती? मारा कोणी केला? त्या दिवशी परकीय संस्थांनी १० हजार कोटी रुपयांहून अधिक किमतीची निव्वळ विक्री केली आणि देशी संस्थांनी खरेदी केली. एकाची निराशा ती दुसऱ्याची संधी होती. ‘बाजार’ हा एकवचनी, भावनाशील कर्ता कल्पिल्याने ही दुफळी झाकली जाते आणि छोटा वाचक आपणही त्या ‘निराश’ बाजारातच आहोत असे समजतो. जुन्या व्यापारी बोलीत हा दोष नव्हता, हे सांगितले पाहिजे. तेजीवाला आणि मंदीवाला हे दोन हाडामांसाचे पक्ष त्या बोलीत समोरासमोर उभे असत. सट्टेबाजाच्या भाषेला नीतीचे प्रमाणपत्र देण्याचे कारण नाही, पण कर्ता लपविण्याची सोय तिने ठेवली नव्हती.

‘जोखीम’ व ‘धोका’ हे शब्द इशारालेखांत पर्यायवाचक म्हणून वापरले जातात. मराठीच्या वापरात मात्र त्यांची क्रियापदे निराळी आहेत. जोखीम आपण उचलतो, पत्करतो. जोखमीची वस्तू सांभाळायची असते, आणि शेजारीच ‘जोखणे’ हे तोलण्याचे क्रियापद उभे आहे. धोका संभवतो, पोहोचतो. तोही पत्करता येतो हे खरे, परंतु ‘धोका देणे’ या प्रयोगात फसवणुकीचा अर्थ शिल्लक आहे, जो हिंदीत मुख्यच आहे. हा भेद बाजारात फार उपयोगी पडला असता. ७ जानेवारी २००९ रोजी, म्हणजे निकालांच्या ऐन तोंडावर, सत्यम कॉम्प्युटरच्या अध्यक्षांनी पत्राद्वारे कबुली दिली की ताळेबंदात दाखविलेली ५,०४० कोटी रुपयांची रोकड अस्तित्वातच नाही. समभागाची तीनचतुर्थांशांहून अधिक किंमत त्या एका दिवसात नाहीशी झाली. हा धोका, दोन्ही अर्थांनी. तो जोखण्याची साधने सामान्य भागधारकाजवळ नव्हती. एचडीएफसी बँकेच्या बाबतीत होती ती जोखीम : आकडे खरे होते, केवळ ते कशाशी ताडावयाचे हे समजणे आवश्यक होते. दोहोंना एकच शब्द लावणारा लेख वाचकाला भय देतो, पण कोठे काय तपासावे हे सांगत नाही.

‘मार्गदर्शन’ या शब्दाविषयी थोडक्यात. पुढील वर्षीचे उत्पन्न किती वाढेल याविषयी कंपनी जो अंदाज देते, त्याला हे नाव इंग्रजीवरून चिकटले. विद्यापीठात मार्गदर्शकाशी ज्यांचा संबंध आला आहे त्यांना या शब्दातील अधिकाराची छटा वेगळी समजावून सांगावयास नको! १२ एप्रिल २०१३ रोजी इन्फोसिसने वाढीचा असा अंदाज ६ ते १० टक्के सांगितला आणि समभाग २१ टक्क्यांनी कोसळला. कोणी कोणाला मार्ग दाखविला नव्हता. एक अंदाज दुसऱ्या अंदाजाहून खाली पडला होता, आणि ‘अंदाज’ हा शब्द मराठीत हाताशी असताना तो बाजूस सारण्याचे काही कारण दिसत नाही.

इशारालेखांचे सर्वच लेखक या साच्यात अडकलेले नाहीत. ‘ही वाढ भावात आधीच धरली गेली आहे’ असे वाक्य अधूनमधून भेटते, आणि त्या ‘धरणे’त वाण्याच्या हिशेबाची सारी नेमकी जाण आहे. मात्र हे वाक्य बहुतेक वेळा निकालाच्या दुसऱ्या दिवशी, घसरणीचे कारण सांगताना येते. हंगामपूर्व लेखात, जेथे त्याची गरज आहे, तेथे ते क्वचित आढळते.