गल्ल्यावरची नीती

बाजाराला जात नसते, असं हल्ली आपल्याच वस्तीतली शिकलेली पोरं बोलू लागली आहेत. नोटेवर जात छापलेली नसते, असा दाखलाही वर देतात. दुसऱ्या बाजूला धंद्यातल्या नीतीवर सभागृहांतून व्याख्यानं झडतात. व्यापारी सचोटीचा हवा, माप चोख हवं, नफ्यातला वाटा समाजाला परत द्यावा. ऐकायला दोन्ही छान. पण मित्रांनो, ही दोन्ही बोलणी गल्ल्यामागच्या गादीवरून झालेली आहेत. पायरीखाली उभं राहून ज्यानं तेलमीठ मागितलं, त्याला धंद्याची नीती कशी दिसते हे कुणी विचारत नाही. मला त्या जागेवरून ही नीती वाचायची आहे. पुस्तक वाचतात तशी, ओळीओळीनं.

आमच्या गावचा दुकानदार सचोटीचा होता. हे मी उपरोधानं म्हणत नाही. त्याचं माप कधी कमी पडलं नाही, गुळात त्यानं भेसळ केली नाही, उधारीच्या वहीत खोटा आकडा मांडला नाही. आईनं पैसे उंबऱ्यावर ठेवायचे, त्यानं त्यावर पाणी शिंपडून ते उचलायचे आणि पुडी वरून टाकायची. आधी येऊन उभी राहिलेली आई शेवटी, मागून आलेला पाटलाचा गडी आधी. माप पुरं, भाव तोच. फक्त वेळ वेगळी आणि जागा वेगळी. आता सांगा, हा माणूस नीतिमान व्यापारी होता की नव्हता? व्यापाराच्या नीतीवर व्याख्यानं देणारे त्याला पहिल्या वर्गात पास करतील. वजनमापं तपासणारा इन्स्पेक्टरही करील.

त्याला नापास करणारा एकच कागद या देशात होता आणि तो कुणा साधुसंतानं लिहिलेला नव्हता. १९५५ चा अस्पृश्यता गुन्ह्यांचा कायदा, ज्याला १९७६ पासून नागरी हक्क संरक्षण कायदा म्हणतात, त्याचं सहावं कलम काढून वाचा. अस्पृश्यतेच्या कारणावरून माल विकायला नकार देणं गुन्हा आहे, एवढ्यावर ते थांबत नाही. इतर गिऱ्हाइकांना ज्या वेळी, ज्या जागी आणि ज्या अटींवर माल मिळतो, त्याच वेळी, त्याच जागी, त्याच अटींवर तो मिळाला पाहिजे, असं ते म्हणतं. आमच्या दुकानदाराच्या सचोटीत नेमकी हीच दोन खाती रिकामी होती, वेळ आणि जागा. व्यापाराच्या नीतीवर मराठीत झालेल्या साऱ्या उपदेशापेक्षा मला हे एक कलम मोठं वाटतं. त्यात दया नाही, माणुसकीचं आवाहन नाही. गिऱ्हाईक म्हणून माझी जी पत आहे तिचा हिशेब आहे.

हे कलम आभाळातून पडलं नाही. मुंबई सरकारनं १९२८ साली स्टार्ट कमिटी नेमली. बाबासाहेब तिचे सभासद होते. १९३० च्या अहवालात कमिटीनं बहिष्काराबद्दल जे लिहिलं ते आजही अंगावर येतं. अस्पृश्यांनी हक्क बजावला की गाव त्यांची वाट अडवतं, कामावरून काढतं, आणि वाणी जिन्नस विकायचं बंद करतो. म्हणजे गावचं दुकान हे हत्यार आहे. त्याच वर्षी गोलमेज परिषदेत बाबासाहेब आणि रावबहादूर श्रीनिवासन यांनी जो मसुदा दिला, त्यात बहिष्कार हा शिक्षेचा गुन्हा ठरवावा अशी मागणी होती. तिची कलमं त्यांनी १९२२ च्या ब्रह्मदेशातल्या बहिष्कारविरोधी कायद्यावरून घेतली होती. देवघेव करायला नकार, मजुरीला लावायला नकार, घर-जमीन द्यायला नकार, हे सारं त्यात एका रांगेत बसवलेलं होतं. पुढं १९५५ च्या कायद्यात बहिष्काराची व्याख्या आली. अत्याचार प्रतिबंधक कायद्यात सामाजिक आणि आर्थिक बहिष्कार हा स्वतंत्र गुन्हा म्हणून आला तो २०१५ च्या दुरुस्तीनं. मागणी १९३० ची, गोलमेजातली. मधली वर्षं तुम्हीच मोजा.

बाजाराला जात नसते म्हणणाऱ्यांनी हा हिशेब आधी मिटवावा. विकणाराला नफा हवा असतो, म्हणून तो कुणालाही विकेल, हे पुस्तकी अर्थशास्त्र. बाबासाहेब तर अर्थशास्त्राचेच पंडित. परदेशातून शिकून आल्यावर त्यांनी मुंबईत शेअरच्या व्यापाऱ्यांना सल्ला देण्याची पेढी काढली होती. शेअरबाजार म्हणजे आकड्यांचा बाजार, तिथं तरी सल्ला खरा की खोटा एवढंच बघायला हवं होतं. सल्ला देणारा महार आहे हे कळल्यावर गिऱ्हाईक आटलं आणि पेढी बंद पडली. धनंजय कीरांच्या चरित्रात हा प्रसंग दोनचार ओळींत येऊन जातो. आपली माणसं तो अपमानाची गोष्ट म्हणून सांगतात. मला तो अर्थशास्त्राचा धडा वाटतो. चांगला सल्ला नाकारून नुकसान सोसायला तो बाजार तयार होता.

गिरणगावाचंच बघा. कापडगिरणीत विणकामाचं खातं जास्त पगाराचं. धोट्यातली कांडी संपली की नवी घालायची आणि तिचा धागा तोंडानं ओढून धोट्याच्या भोकातून बाहेर काढायचा. महाराच्या तोंडाला लागलेला धोटा आपण तोंडाला कसा लावायचा, म्हणून सवर्ण कामगारांनी आपल्या माणसांना त्या खात्यात येऊ दिलं नाही. आपली माणसं राहिली कमी पगाराच्या खात्यांत. मालकाला हे ठाऊक नव्हतं का? मजूर जास्त मिळाले की मजुरी उतरते, हे त्याच्याइतकं कुणाला कळणार. तरी त्यानं रूढी मोडली नाही. लाल बावट्याच्या युनियननंही नाही मोडली. १९२८ च्या संपात बाबासाहेबांनी ही मागणी पुढाऱ्यांपुढं ठेवली तेव्हा ती यादीत आली, तीही नाखुशीनं. मनमाडला १९३८ साली रेल्वे कामगारांच्या परिषदेत त्यांनी ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही हे दोन शत्रू एका दमात सांगितले. साम्यवादी मित्रांना त्यातला एक चालत होता. बाजारवाद्यांना आज एकही चालत नाही.

(कथावाङ्मयाचे समीक्षक बाबूराव बागुलांची ‘जेव्हा मी जात चोरली होती’ ही कथा विद्रोहाची म्हणून वाचतात. १९६३ साली ती पुस्तकातून आली. नोकरीच्या गावी जात लपवून राहणारा तो माणूस बाजारातला माणूस आहे, इकडं कुणी बघत नाही. खोली भाड्यानं मिळणं हीसुद्धा देवघेवच. तिथं नोटेवर जात छापलेली नव्हती, म्हणून तर ती चोरावी लागली.)

हे जुनं झालं म्हणणाऱ्यांसाठी दोनच आकडे. अकरा राज्यांतल्या ५६५ गावांची पाहणी २००६ साली पुस्तकरूपानं आली. त्यातल्या एक तृतीयांशाहून जास्त गावांत दलितांना दुकानात आत शिरता येत नव्हतं. सुखदेव थोरात आणि पॉल अ‍ॅटवेल यांनी २००७ साली प्रसिद्ध केलेला प्रयोग तर खाजगी कंपन्यांवरचाच. शिक्षण तेच, अर्ज तसाच, फक्त आडनाव बदललेलं. दलित आडनावाला पुढचं बोलावणं येण्याची शक्यता सवर्ण आडनावापेक्षा सुमारे एक तृतीयांशानं कमी निघाली. या कंपन्यांनी कुणाला शिवी दिली नाही, कुणाच्या पैशांवर पाणी शिंपडलं नाही. अर्ज बाजूला ठेवला, बस्स.

आता दुसरी पोथी, सज्जन मालकाची. तिचं नाव विश्वस्तवृत्ती. गांधीजींचं म्हणणं असं की श्रीमंतांची मालमत्ता काढून घेऊ नये, त्यांनी स्वतःला गरिबांचे विश्वस्त समजावं. अहमदाबादच्या गिरणीमजुरांसाठी १९१८ साली गांधीजी उपाशी राहिले हे खरं आहे आणि ते मी लपवत नाही. पण विश्वस्त हा कायद्यातला शब्द आहे. विश्वस्त नेमणारा कुणी असतो, त्याला हिशेब द्यावा लागतो, चुकला तर काढता येतो. इथं तिन्ही गोष्टी गायब. मालकानं स्वतःच स्वतःला नेमायचं आणि स्वतःलाच हिशेब द्यायचा. बाबासाहेबांनी १९४५ च्या ग्रंथात या कल्पनेची जी खिल्ली उडवली ती याच ठिकाणी बोट ठेवून. मालकानं काहीच सोडायचं नाही, आपण विश्वस्त आहोत असं जाहीर केलं की झालं.

त्याच ग्रंथात एक हकीकत आहे, ती प्रत्येक कार्यकर्त्यानं वाचावी. हरिजन सेवक संघ १९३२ साली निघाला, अध्यक्ष उद्योगपती घनश्यामदास बिर्ला. संघाच्या मंडळावर अस्पृश्य का नाहीत, असं विचारायला शिष्टमंडळ गेलं. उत्तर मिळालं की हे काम सवर्णांचं प्रायश्चित्त आहे, पैसा त्यांचा आहे, तेव्हा नीतीनं बघा की हक्कानं बघा, मंडळावर जागा मागता येत नाही. बघा, ‘नीती’ हा शब्द कसा वापरला जातो! देणाऱ्याचं प्रायश्चित्त होतं ती नीती, घेणाऱ्यानं हिशेब मागितला की अनीती.

हे १९३२ चं राहिलं नाही. कंपनी कायदा २०१३ सालचा. त्याच्या १३५ व्या कलमानं ठरावीक आकारावरच्या कंपन्यांना मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे निदान २ टक्के समाजकार्यावर खर्च करायला सांगितलं. वस्तीत शौचालयं येतात, शाळेला बाकडी येतात, येऊ द्या, मी बाकडी परत करा म्हणत नाही. पण खर्च कशावर करायचा ते संचालक मंडळ ठरवतं. ज्याच्यासाठी खर्च होतो तो मंडळावर नाही. आणि उरलेले ९८ टक्के कसे मिळवले, कंत्राटावर किती माणसं ठेवली, अर्ज कुठल्या आडनावाचे बाजूला पडले, हे या कलमात विचारलेलंच नाही. नफा होऊन गेल्यावर नीती सुरू होते. हजेरीपटावर ती नाही.

बाबासाहेबांनी ती उलट्या टोकाकडून सुरू केली. १९४७ सालचं ‘स्टेट्स अँड मायनॉरिटीज’ काढा. मूलभूत उद्योग सरकारी मालकीचे, विमा सरकारचा, शेतीही सरकारी उद्योग. आणि हे सारं निवडून आलेल्या सरकारच्या मर्जीवर न ठेवता थेट घटनेत. कारण त्यांनी तिथं स्वच्छ सांगितलं आहे: सरकारनं हात काढून घेतला म्हणजे स्वातंत्र्य येतं असं नाही, जमीनदाराला खंड वाढवायला आणि भांडवलदाराला तास वाढवून मजुरी कापायला मोकळीक मिळते. आज सरकारी कारखाने विकले जाताना आपली माणसं आरक्षणाच्या जागा गेल्या म्हणून रडतात. ते रडणं रास्त आहे. पण जागांच्या पलीकडं हा मसुदा होता, तो किती जणांनी वाचला?

आता आपल्या घरात येऊ, कारण घरचं न बोलता बाहेरच्यांना झोडणं सोपं आहे. २००५ साली पुण्यात दलित उद्योजकांचा चेंबर स्थापन झाला. नोकरी मागणारे होऊ नका, देणारे व्हा, ही त्यांची घोषणा. सरकारी खरेदीत ४ टक्के माल अनुसूचित जाती-जमातींच्या लहान उद्योगांकडून घ्यावा, हे २०१२ च्या धोरणात आलं. यावर नाक मुरडणाऱ्या आपल्याच क्रांतिकारकांशी माझं जमत नाही. ज्या बाजारानं बाबासाहेबांची पेढी बंद पाडली तिथं आपल्या पोरानं पाटी लावली तर मला आनंदच आहे. भिक्षापात्र हे आपलं चिन्ह नव्हे.

पण पाटी लावणाऱ्या भावाला एक विचारायचं आहे. आपण बुद्धाचं नाव घेतो. बुद्धानं व्यापार वाईट म्हटलेला नाही. सिगाल गृहपतीला त्यानं कमाईचे चार भाग करायला सांगितले, त्यातले दोन धंद्यात घाल म्हणाला. पण उपासकानं करू नयेत असे पाच व्यापारही त्यानं सांगितले: शस्त्रांचा, प्राण्यांचा, मांसाचा, मद्याचा, विषाचा. त्यातला दुसरा हा माणसांच्या व्यापारालाही लागू आहे, असं मी वाचतो. सम्यक आजीव दानपेटीजवळ सुरू होत नाही, कमाई कशाची हे विचारण्यापासून सुरू होतो. मग गटारसफाईचा ठेका घेणारा आपला ठेकेदार मला सांगू दे, आत कोण उतरतो? हातानं मैला साफ करायला लावण्यावर १९९३ ला बंदी आली, पुन्हा २०१३ ला कडक कायदा झाला. सुप्रीम कोर्टानं २०१४ साली गटारात मेलेल्या माणसाच्या घरच्यांना १० लाख द्या म्हटलं, २०२३ साली ३० लाख म्हटलं. आकडा वाढवावा लागला, म्हणजे मरण थांबलं नव्हतं. ठेका सवर्णाचा असो की आपल्या माणसाचा, दोरीला बांधून उतरवलेला माणूस बहुतेक आपलाच असतो.

अशा ठेकेदाराची वर्गणी जयंतीच्या मंडळाला येते. कमानीवर त्याचं नाव मोठ्या अक्षरांत लागतं. वर्गणीची पावती फाडण्याआधी त्याच्या मजुरांचा हजेरीपट आणि विम्याचे कागद बघायला मागावेत, असं मी आमच्या मंडळाच्या बैठकीत म्हटलं. दोघे उठून गेले, एकानं मला मनुवाद्यांचा हस्तक ठरवलं. तिघांनी कागद मागायचं कबूल केलं आहे. बाकीच्या मंडळांनी आपलं काय ठरलं ते कळवावं.